मागून घेतलेले नाव

धर्मग्रामाच्या कचेरीत जी जुनी दप्तरे असतात, त्यांत स्नानसंस्काराची नोंदवही मला सर्वांत बोलकी वाटते. आपल्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, मिशनकेंद्रांत जर्मन व स्विस येशूसंघीयांनी राखलेल्या वह्या लॅटिन भाषेत असत. बापाचे नाव तुकाराम, आजाचे धोंडिबा, आईचे राहीबाई, आणि त्याच ओळीत तान्ह्या बाळाचे नाव याकोबुस, दानिएल किंवा सामुएल. प्रवरेचा काठ आणि यार्देनेचा काठ एका ओळीत शेजारी शेजारी येऊन बसत. पुढे वह्या मराठीत आल्या. मग सामुएलचा शमुवेल झाला, आणि वस्तीवर त्याचा शामू किंवा शामुयेल झाला. अलीकडची पाने उलटली की मात्र ही नावे विरळ होत जातात. त्यांच्या जागी दूरदर्शनच्या मालिकांतून आलेली नावे दिसतात, किंवा अर्थ कोणालाच ठाऊक नसलेली, केवळ कानाला गोड लागणारी दोन अक्षरे.

नव्या नावांवर माझा राग नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ८५५ वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव दिले जाऊ नये आणि याची काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. त्याआधीची १९१७ ची संहिता अधिक कडक होती. आईवडिलांनी ख्रिस्ती नाव दिलेच नाही, तर धर्मगुरूने आपल्या हाताने एखाद्या संताचे नाव वहीत जोडावे, असा तिचा आदेश होता. आजचा नियम मोकळा आहे आणि तसाच तो असावा. पण मोकळीक मिळाली म्हणून विचार करण्याचे काम संपत नाही. म्हणूनच 'फादर, या नावाचा अर्थ काय?' असे विचारत कोणी कचेरीच्या उंबऱ्यावर आले की मला मनापासून आनंद होतो. मागील वर्षी शमुवेल या नावाविषयी असाच प्रश्न माझ्यापुढे आला. त्याची हकीकत पुढे येईलच. आधी नावाकडे वळू.

शमुवेलच्या जन्माची कथा आपल्या वाचकांना पाठ आहे. एलकानाची पत्नी हन्ना निपुत्रिक. सवत पनिन्ना तिला दरवर्षी शिलोच्या यात्रेत टोचून बोलते. हन्ना मंदिरात जाऊन रडते, नवस बोलते. तिचे ओठ हलतात पण आवाज फुटत नाही, म्हणून वृद्ध याजक एली तिला मद्यपी समजतो. (प्रार्थना करणाऱ्या बाईला ओळखू न शकलेला याजक! आम्हा धर्मगुरूंनी हा उतारा वर्षातून एकदा तरी स्वतःला वाचून दाखवावा.) पुढे तिला मुलगा होतो. ती त्याचे नाव शमुवेल ठेवते आणि कारणही सांगते: मी याला परमेश्वरापासून मागून घेतले.

पुण्याच्या सेमिनरीत हिब्रूचा तास चालू असताना आमच्या प्राध्यापकांनी येथेच आम्हांला थांबवले होते. हिब्रूत 'मागणे' या क्रियापदाचे मूळ 'शाअल' आहे. त्यावरून 'मागितलेला' या अर्थाचा शब्द 'शाऊल' होतो, 'शमुएल' होत नाही. आणि शाऊल म्हणजे कोण? मराठी बायबलातील शौल, इस्राएलचा पहिला राजा. म्हणजे आई कारण सांगते एका नावाचे आणि बाळाच्या कपाळी नाव लिहिते दुसरेच. वर्गात कुजबुज झाली. कोणी म्हणाला, नक्कल करणाऱ्या लेखनिकाचा गोंधळ असावा. प्राध्यापक हसून म्हणाले, पवित्र लेखकाला चूक ठरवण्यापूर्वी पुढचा अध्याय तरी वाचावा.

मग 'शमुएल' या नावाचा खरा अर्थ काय? अक्षरे पाहिली तर ती अशी: शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. शेवटचा 'एल' म्हणजे देव, याविषयी वाद नाही. पहिल्या भागाविषयी मात्र मते वेगळी आहेत. 'देवाने ऐकले' हा अर्थ सर्वांच्या तोंडी आहे, आणि कथेला तो शोभतोही. परंतु 'ऐकणे' या धातूत 'आयिन' हे अक्षर असते, आणि शमुएल या नावात ते नाही. इश्माएल या नावात ते आहे. रानात पळून गेलेल्या हागारेचे दुःख देवाने ऐकले, म्हणून तो इश्माएल. शिमोनातही ते आहे. लेआचे दुःख ऐकले गेले, म्हणून तो शिमोन, आणि प्रेषित पेत्राचे मूळ नावही तेच. व्याकरणाला अधिक मानवणारा अर्थ 'शेम', म्हणजे नाव, या शब्दावरून निघतो: 'त्याचे नाव देव', किंवा 'देवाच्या नावाचा'. तर मध्ययुगातील यहुदी भाष्यकारांनी हन्नेचा शब्द राखण्यासाठी 'शाऊल मे-एल', म्हणजे 'देवापासून मागितलेला', या शब्दांचा संकोच होऊन शमुएल झाले, असे सुचवले. 'मागणे' या धातूची शीन, आलेफ, लामेद ही तिन्ही अक्षरे या नावात आहेतच.

मला स्वतःला वाटते, हन्ना येथे व्याकरण शिकवत नाही. आपल्याकडे आजी नातवाच्या नावाचा अर्थ कोशातून सांगते काय? नाव ठेवताना घरात जे घडले, ते ती सांगते. बायबलातील माता बहुधा असेच करतात. ध्वनीला ध्वनी जुळला की त्यांना पुरते.

शिवाय पवित्र लेखकाला हा ध्वनी पुढे कामाला आणायचा होता. याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलचे वडीलधारे लोक म्हाताऱ्या शमुवेलपुढे येऊन राजा मागतात. मागणाऱ्या लोकांसाठी तेथे हेच क्रियापद योजले आहे. आणि त्यांना जो राजा मिळतो, त्याचे नावच 'मागितलेला' असे आहे. दोन मागण्या, दोन 'मागितलेले'. एका दुःखी बाईने आवाज न करता मागितला, तो शमुवेल. एका जमावाने शेजारच्या राष्ट्रांकडे पाहून गलका करून मागितला, तो शौल. शौलाचा अभिषेक शमुवेलच्याच हातून झाला आणि त्याच्यासाठी रात्रभर तळमळणाराही शमुवेलच होता. जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल की, ज्या दोन ग्रंथांना आपण आज शमुवेलची पुस्तके म्हणतो, त्यांना लॅटिन बायबलात राजांची पहिली दोन पुस्तके म्हणत. हिब्रू परंपरेने मात्र राजाचे नाव न देता संदेष्ट्याचे दिले.

परंतु 'शाअल' या क्रियापदाचा आणखी एक पदर आहे. त्याचे प्रयोजक रूप केले, म्हणजे 'मागायला लावणे, मागणाऱ्याला देणे' असे, की अर्थ होतो 'उसने देणे'. दूध तुटल्यावर मुलाला शिलोला आणताना हन्ना एलीपुढे जे बोलते, त्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंफलेले आहेत. मी मागितला तो मला मिळाला, आणि आता मी त्याला परमेश्वराला उसना देते, असे तिचे म्हणणे. मागणे आणि देणे यांना एकच शब्द. ही गंमत मराठीत आणता येत नाही. 'उसनवारी' हा आपला शब्द मात्र जवळचा आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि चार दिवसांनी वाटी भरून परत करायची, यात घेणारी कोण आणि देणारी कोण, हे वर्षाअखेर कोणाला सांगता येत नाही.

हे नाव महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी आणले, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात मराठी मुलुखात ते फार आधीपासून नांदत होते. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हे लोक कुलाब्यातील खेड्यांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांची आडनावे गावांवरून पडली: दिवेकर, केहिमकर, पेणकर. त्यांची हिब्रू नावेही मराठी हवेत वाढली. अब्राहामचा अबाजी झाला, मोशेचा मुसाजी, एलियाचा एलोजी, आणि शमुवेलचा समाजी. आपल्या तानाजी-शिवाजीच्या शेजारी समाजी बसला तर कोणाला खटकणार?

या समाजीची कथा आपण वाचायला हवी. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुवेल यहेज्केल दिवेकर, हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील देशी अधिकारी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्यांच्या समाजात सांगतात की, कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा 'बेने इस्राएल' हे उत्तर ऐकून सुलतानाच्या आईने मध्यस्थी केली: या लोकांचा उल्लेख कुराणात येतो, त्यांना मारू नये. समाजी सुटला. मुंबईला परतल्यावर उपकारस्मरण म्हणून त्याने १७९६ साली मांडवी भागात एक प्रार्थनामंदिर बांधले. मुंबईतील ते पहिले सिनेगॉग. त्याचे हिब्रू नाव 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले. पुढच्याच वर्षी, १७९७ मध्ये, समाजीला कोचीन येथे मरण आले. १८६० मध्ये मंदिर सध्याच्या इमारतीत आले, आणि त्या परिसरातील सॅम्युअल स्ट्रीट हे नाव आजही त्याची आठवण ठेवून आहे. मशीद बंदर स्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, जवळच्या त्या गल्लीचे नाव एका दिवेआगरकडच्या मराठी माणसाचे आहे, आणि त्यामागे शिलोच्या मंदिरात रडणारी हन्ना उभी आहे?

मला या समाजाविषयीची आणखी एक गोष्ट हृद्य वाटते. शतकानुशतके ग्रंथ नाहीत, गुरू नाहीत. हिब्रू भाषा विसरली गेली. तरी एक प्रार्थना त्यांच्या ओठांवर टिकली. तिचा पहिला शब्द 'शमा', म्हणजे 'ऐक'. पुढे १८३२ साली स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले आणि बेने इस्राएल मुले आपली जुनी भाषा मराठीच्या बोटाला धरून पुन्हा शिकली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे मधले नाव पाहा. आपल्या रीतीप्रमाणे मधले नाव वडिलांचे, आणि ते पुन्हा शमुवेलच.

समाजीला दोन नावे होती. मंदिरात शमुवेल, छावणीत समाजी. त्यात त्याला काही लपवायचे नव्हते. आपल्या समाजातही दोन नावांची रीत आहे, पण तिच्यामागचे कारण तितके सुखाचे नाही.

आता ती हकीकत. कोल्हार हे प्रवरेकाठचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. भगवतीमातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीला परिचित. येथूनच लोणीमार्गे घोटीकडे रस्ता फुटतो. उसाच्या या पट्ट्यात आपली कुटुंबे मळ्यांवर, कारखान्यांवर, दूधसंकलनावर पोट भरतात. अशाच एका घरी नऊ वर्षांनी पाळणा हलला. मिस्सानंतर आजी, सून आणि मुलगा असे तिघे कचेरीत आले. आजीला नातवाचे नाव शमुवेल हवे होते. तिच्या मालकाचे ते नाव होते, आणि नऊ वर्षे तिने हरेगावच्या मतमाउलीला पायी वारी केली होती. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "फादर, नाव चांगलंय. पण दाखल्यावर नको. पुढं त्याचं नुकसान होतंय."

नुकसान कोणते, हे आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्यांत सामावून घेतले गेले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. वस्ती तीच, मजुरी तीच, पाणवठ्यावरची नजर तीच, फक्त कागद वेगळा. म्हणून शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि वहीत दुसरे, अशी वाट अनेक घरांनी धरली. व्यासपीठावरून या बापांना भित्रे म्हणणारे मी ऐकले आहेत. मला ते मान्य नाही. लेकराच्या भाकरीची चिंता करणारा बाप भित्रा नसतो. तरीही ज्या व्यवस्थेत बापाला पोराचे नाव हळू आवाजात उच्चारावे लागते, ती व्यवस्था चुकीची आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

सून मात्र गप्प होती. आजीने अर्थ विचारला तेव्हा मी वर लिहिले आहे ते थोडक्यात सांगितले: मागितलेला, आणि देवाला उसना दिलेला. हे ऐकताच तिने बाळाला पदराखाली ओढून घेतले. म्हणाली, "मंग नको फादर. उसनं दिलेलं परत मागत्यात. हन्नाबाईनं दूध तुटल्यावर लेकरू मंदिरात नेऊन सोडलं. म्या नऊ वर्षं वाट बघितलीय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

एवढ्या वर्षांत त्या उताऱ्यावर मी कितीतरी प्रवचने ऐकली आणि दिली आहेत. त्यांत हन्नेच्या विश्वासाचे गोडवे असतात. मूल सोडून एकटी रामाला परतताना तिच्या अंगाखालची वाट कशी गेली असेल, हे कोणी बोलत नाही. त्या सुनेने धर्मग्रंथ आमच्यापैकी अनेकांहून नीट वाचला होता.

मी तिला बोध केला नाही. शमुवेलच्या पुस्तकातच पुढे एक बारीकसे वाक्य आहे, त्याची गोष्ट सांगितली. हन्ना दरवर्षी यात्रेला येताना मुलासाठी एक लहानसा झगा शिवून आणी. मूल दूर, वर्षातून एकदा भेट. मग माप कसे घेई? मागच्या वर्षीचा अंगरखा आठवून, शेजारच्या त्याच वयाच्या पोराला उभे करून, चार बोटे जास्त धरून शिवत असणार. याची मला खात्री आहे, कारण माझी आई तेच करी. मी सेमिनरीत गेलो तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. ती दिवाळीनंतर एसटीने पुण्याला येई. पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि गावच्या शिंप्याने अंदाजाने शिवलेला एक सदरा. तो कधीच बरोबर बसला नाही. एका वर्षी बाह्या मनगटाच्या वर राहिल्या, तर दुसऱ्या वर्षी तळहात झाकले. ती भिंतीशी उभी राहून मला घालायला लावी, खांद्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "वाढलास रे बाबा, मला कळलंच न्हाई." तिने मला उसना दिला होता. परत कधी मागितला नाही. पण माप घ्यायचेही सोडले नाही.

हे ऐकून सून रडली, आणि आजीही. मी पुढे इतकेच सांगितले की, हन्नेला नंतर तीन मुलगे व दोन मुली झाल्याचे त्याच ठिकाणी लिहिले आहे, आणि देव पाळण्यातली मुले मोजून वसुली करायला येत नाही. शिवाय ज्या संत अन्नाला आपण पवित्र मरियेची आई मानतो, तिचे नाव म्हणजे हन्नाच. दुसऱ्या शतकातील एका जुन्या ग्रंथात तिचीही कथा याच कथेच्या वळणाने, वांझपणाच्या दुःखापासून सुरू होते. पवित्र मरियेच्या तोंडी जे उपकारस्मरणाचे गीत आहे, त्यात हन्नेच्याच गीताचा सूर आहे. नाव ठेवायचे की नाही, हे तुम्ही घरी जाऊन ठरवा, असे सांगून मी त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

तीन आठवड्यांनी ते स्नानसंस्कारासाठी आले. दाखल्यावर समीर हे नाव लिहिले गेले आहे, हे बापाने आधीच सांगून टाकले. संत शमुवेल संदेष्ट्याचे स्मरण रोमन संतनामावलीत २० ऑगस्ट रोजी येते. योगायोगाने तो दिवस जवळच होता, म्हणून आजी खूश होती. विधीच्या आरंभी धर्मगुरू मंदिराच्या दारातच दोन प्रश्न विचारतो. पहिला, बाळाचे नाव काय. दुसरा, या बाळासाठी तुम्ही देवाच्या ख्रिस्तसभेपाशी काय मागता. पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला आजीने तोंड उघडले होते, पण सुनेने तिच्या हाताला स्पर्श केला आणि आपणच मोठ्याने सांगितले, "शमुवेल." दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वी मी जरा थांबलो. तिने बाळाचे टोपडे सरळ केले. ते त्याला बरेच मोठे होत होते.